पन्नाशीत हेवी मेटल ऐकायला शिकताना

मराठी माणूस गाणं ऐकायला बसला की त्याचा कान आधी गळा शोधतो. ओवी असो, भजन असो, नाट्यपद असो की वरातीतलं अहिराणी गाणं, शब्द आणि गाणारा पुढे, वाद्यं मागे. हीच सवय घेऊन पंचेचाळिशी-पन्नाशीतला कुणी हेवी मेटलकडे, म्हणजे जड आवाजाच्या गिटारवर चालणाऱ्या पाश्चात्त्य रॉक संगीताकडे वळतो आणि पहिल्या दोन मिनिटांत हात टेकतो. गाणारा ओरडतोय, शब्द कळत नाहीत, बाकी सगळा कल्ला. मग निष्कर्ष निघतो की हे पोरासोरांचं संगीत, आपलं वय गेलं. वयाचा यात फारसा संबंध नाही. कान चुकीच्या जागी लावलेला असतो, एवढंच. मेटलमध्ये गाण्याचा मुखडा गळ्यात नसतो, गिटारवर असतो. त्याला रिफ म्हणतात.

रिफ म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारा स्वरांचा छोटा तुकडा. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवर लेहरा फिरत राहतो आणि तबलजी त्याच्या आधाराने खेळतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना रिफ लगेच उमजेल. लेहरा मुद्दाम मागे राहतो, रिफ मात्र छाती पुढे काढून उभा असतो आणि ड्रम, बेस (खर्जातली गिटार), गायक सगळे त्याच्या भोवती फिरतात. म्हणून पहिले पंधरा दिवस गायक काय म्हणतोय त्याकडे लक्षच देऊ नका. रिफ धरा. गाणं संपल्यावर रिफ तोंडाने गुणगुणता आला, म्हणजे ते गाणं ऐकून झालं. नाही आला, तर पुन्हा लावा.

दुसरी गोष्ट गिटारच्या फाटक्या आवाजाची. तो बिघाड वाटतो, पण तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला की तार घोडीला हलकेच घासत वाजते आणि एका स्वरातून वरचे कितीतरी स्वर झणझणत बाहेर पडतात. दोरा काढा, तोच तंबोरा कोरडा ठणठणीत लागतो. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ढकललं की आवाजाच्या लहरींचे शेंडे कापले जातात आणि असेच वरचे स्वर तयार होतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. मेटलवाले बहुतेक वेळा तीन-चार स्वरांचा पूर्ण कॉर्ड न वाजवता फक्त सा आणि प एकत्र धरतात, तेही याच कारणाने. डिस्टॉर्शनमध्ये जास्त स्वर घातले की प्रत्येकाचे वरचे स्वर एकमेकांत भांडतात आणि नुसता चिखल होतो. सा-प स्वच्छ राहतात. या जोडीला पॉवर कॉर्ड हे नाव आहे, आणि आपला तंबोरा बहुतेक वेळा याच जोडीवर लावलेला असतो. ज्याने आयुष्यभर भजनात तंबोऱ्याची साथ ऐकली, त्याचा कान या आवाजाला परका नाही.

कान आणि यंत्र

सुरुवात करण्याआधी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्या. विशेषतः ज्यांची हयात जिनिंग मिलमध्ये, यंत्रमागावर, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये किंवा आयुध निर्माणीत गेली त्यांनी तर नक्कीच. सततच्या यंत्राच्या आवाजाने कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास कमी होतो. मेटलमध्ये नेमकं याच पट्ट्यात गिटारची धार आणि पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा टक् असा ठोका असतो. तो पट्टा कमी ऐकू येत असेल तर संगीत बोथट आणि गढूळ वाटतं, आणि माणूस आवाज वाढवत सुटतो. चाचणीचा कागद हातात असेल तर इक्वलायझरवर (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायची फोनमधली सोय) ४ किलोहर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल वर घ्यायची, एकूण आवाज नाही. आणि नुसता मळ साठल्यानेही असंच होतं, तो काढला की अर्धं काम तिथेच होतं.

आता यंत्र. मोबाइलच्या स्पीकरवर मेटल ऐकू नका. गिटारची सर्वांत खर्जातली तार नेहमीच्या लावणीत सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. पुष्कळ बँड ती आणखी उतरवतात. सात तारांच्या गिटारची शेवटची तार ६२ च्या आसपास असते आणि बेस गिटार त्याच्याही खाली. फोनचा स्पीकर नखाएवढा. दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे ज्याच्यावर गाणं उभं आहे तो पायाच गायब, आणि उरते झांजांची चरचर आणि आरडाओरडा. ‘हाऊ काय कल्ला शे?’ असं ओट्यावरून कुणी विचारतं तेव्हा त्याचं चुकत नाही. त्याला खरोखर तेवढंच ऐकू आलेलं असतं.

हजार-दीड हजाराचे, वायरचे, कानाच्या आत बसणारे इअरफोन सुरुवातीला पुरतात. त्यांच्या डब्यात तीन मापांच्या रबरी टोप्या येतात. बहुतेक जण बसवून आलेली मधलीच वापरत राहतात आणि मग ‘यात बेस नाही’ म्हणून तक्रार करतात. टोपी कानाच्या नळीत घट्ट बसली नाही तर खर्जाचा आवाज फटीतून निघून जातो. टोपी बसवून स्वतःशी ‘ओम’ म्हणून पाहा. आवाज डोक्यात घुमला आणि पंख्याची घरघर लांब गेली, तर माप बरोबर. दोन्ही कानांचं माप एकच असेल असं नाही. उन्हाळ्यात घामाने टोपी सटकते, म्हणून दर गाण्यानंतर नाही तरी दर अर्ध्या तासाने कान आणि टोपी कोरडी पुसा.

चाचणीप्रमाणे उचललेली ४ किलोहर्ट्झची पट्टी सोडली तर बाकी इक्वलायझर सपाट ठेवा. ‘बेस बूस्ट’ नावाचं बटण बंद. ते दाबलं की खालचा पट्टा फुगतो, म्हणजे गिटारचं खालचं अंग आणि बेस एकमेकांवर चढतात आणि रिफच्या कडा पुसल्या जातात. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणणारी सोय असते, ती मात्र चालू करा. १९७० च्या दशकातली रेकॉर्डिंग हळू आवाजाची असतात आणि २००० नंतरची बरीचशी कचकून दाबून मोठी केलेली. ही सोय नसेल तर जुन्यानंतर नवं लागलं की कानावर फटका बसतो.

खान्देशात एक अडचण वेगळीच आहे, कूलरची. मार्च ते जून दुपारभर तो चालू असतो आणि त्याची घरघर नेमकी खालच्या पट्ट्यात, रिफ जिथे राहतो तिथेच असते. एक आवाज दुसऱ्याला झाकतो, आपण नकळत आवाज दोन टप्पे वाढवतो, आणि संध्याकाळी कानात रातकिडे बोलायला लागतात. म्हणून उन्हाळ्यात ऐकण्याची वेळ दोनच: पहाटे कूलर बंद करून, किंवा रात्री गच्चीवर अंथरूण घातल्यावर. आमच्या मते गच्चीची वेळ सर्वांत चांगली. आजूबाजूला शांतता असते, आणि एका आल्बमला लागतात तेवढी चाळीस मिनिटं कुणी हाक मारत नाही. शांत जागी आवाज एकदा ठरवा आणि तो आकडा लक्षात ठेवा. गोंगाटात त्याच्या वर जायचं नाही.

मापही सांगून ठेवतो. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही नेहमी सांगितली जाणारी मर्यादा. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. फोनमध्ये आवाजाचा इशारा देणारी सोय असेल तर ती बंद करू नका.

पहिला आठवडा: पेटीवरचे तीन स्वर

१३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला आल्बम आला. मेटलचा जन्म बहुतेक जण तिथून धरतात. त्याच्या पहिल्या गाण्याचा रिफ तीन स्वरांचा आहे, आणि तो घरच्या किंवा भजनी मंडळाच्या पेटीवर वाजवता येतो. खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबा आणि भाता सावकाश ओढत धरून ठेवा. मग त्याच्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच. मग दोघींच्या मधली काळी एक, आणि तिच्यावर थोडी थरथर. पांढरी पाच हा सा मानला तर हे झालं सा, तार सा, तीव्र म. प घेतला असता तर जीव शांत झाला असता. तो प अर्ध्या पावलावर असताना सोडून दिलेला आहे, म्हणून पोटात कालवतं. हे तीन स्वर दहा वेळा वाजवा, लय इतकी संथ ठेवा की प्रत्येक स्वर संपायच्या आत पुढचा घ्यायची घाई होणार नाही. मग इअरफोन लावून मूळ ऐका. पेटीवर वाजवलेलं ऐकणाऱ्याला तिथे गोंगाट ऐकू येत नाही, तीन स्वर ऐकू येतात.

या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा घेतल्या, आणि पुढे १९७१ च्या आल्बममध्ये गिटार दीड स्वर खाली उतरवली, म्हणजे तारा सैल होऊन दुखऱ्या बोटांना दाबायला सोप्या. सैल तारेचा जो जड, लोंबता आवाज आला तो आज साऱ्या मेटलचा पाया आहे.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: या बँडचा १९७० मधलाच दुसरा आल्बम ‘पॅरानॉइड’, सुमारे ४२ मिनिटं, रोज एकदा, सलग, क्रमाने. सोमवारी कदाचित काहीही आवडणार नाही. बुधवार-गुरुवारी एखादा रिफ भाकरी थापताना किंवा गाडीला किक मारताना आपोआप तोंडात येईल. तो आला की समजा कान लागला. पहिल्याच ऐकण्यावर निकाल देणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. अनोळखी संगीतात मेंदूला पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून ते थकवतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी अंदाज जमायला लागतो आणि त्या जमण्यातच गोडी असते.

दुसरी चूक म्हणजे काम करता करता ऐकणं. पाठीमागे लावून ठेवलेलं मेटल कान गोंगाटाच्या खात्यात टाकतो आणि मग तिथून काढणं जड जातं. तिसरी चूक, अ‍ॅपने सुचवलेली मिसळ यादी. तिच्यात १९७० नंतर लगेच २०१५ येतं, संथनंतर सुसाट येतं, आणि काहीच मुरत नाही.

पुढची चढण

दुसऱ्या आठवड्यात जूडस प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’, १९८०. गाणी आटोपशीर, मुखडा-अंतरा आपल्या सवयीचा. इथे दोन गिटारवादक आहेत. डाव्या कानात एक, उजव्यात दुसरा असे वाटून ऐकायचा प्रयत्न करा. मधूनच एका कानातला इअरफोन काढून पाहा, काय कमी झालं ते कळेल. तिसऱ्यात गायक डिओच्याच नावाच्या बँडचा ‘होली डायव्हर’, १९८३. हा गायक सुरेल, भरदार गळ्याचा. पंधरा दिवस गायकाला बाजूला ठेवल्यानंतर आता त्याच्याकडे परत यायला हा सर्वांत योग्य माणूस.

चौथा आणि पाचवा आठवडा आयर्न मेडनला द्या. १९८२ चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ घ्या. या बँडची खूण म्हणजे धावत्या घोड्याची लय: एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठच्या घोडेबाजारात चांगल्या चालीचा घोडा पळवून दाखवतात तेव्हा टापांचा जो ठेका येतो, तोच बेस गिटारवर बोटांनी वाजतो. आधी टेबलावर तीन बोटांनी तो ठेका धरा, मग आल्बम लावा. यांची स्वरावली पुष्कळदा आपल्या आसावरी थाटाची असते, आणि दोन गिटार एकच चाल एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून चालतात. भजनात मुख्य गायकाच्या वर टाळकऱ्यांपैकी एखादा वरचा सूर धरतो, तसं. ज्यांना चाल महत्त्वाची वाटते ते इथेच मुक्काम ठोकतात. ठोकू द्या, पुढे गेलंच पाहिजे असं काही नाही.

सहाव्या आठवड्यापासून मेटॅलिका. १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा आल्बम तासाभराहून थोडा मोठा आहे, तो दोन हिश्श्यांत ऐका. मग १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’. याचं नाव-गाणं साडेआठ मिनिटांचं आहे, ठोका मिनिटाला दोनशेच्या वर. इथे उजव्या हाताकडे लक्ष द्या. वादक प्रत्येक आघात वरून खालीच मारतो, वर जाताना मारत नाही. खाली-वर मारलं असतं तर निम्म्या कष्टात झालं असतं, पण सगळे आघात सारख्या वजनाचे पडले नसते. तबल्यावर बोल सारख्या वजनाचा पडावा म्हणून वर्षं घालवणाऱ्यांना याची किंमत कळेल. मधे लय उतरते आणि दोन गिटारांची एक हळवी चाल येते, तिथपर्यंत धीर धरा.

मेटलमध्ये कोमल रिषभ फार येतो. सा वरून लगेच कोमल रे ला घसरायचं आणि परत सा वर आदळायचं, हा शेकडो रिफांचा साचा आहे. भैरवी थाटात रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल असतात, तेच पाश्चात्त्य संगीतात फ्रिजियन या नावाने ओळखतात. ग तेवढा शुद्ध केला की बसंत मुखारीची स्वरपंगत मिळते, तीही या संगीतात भरपूर आहे. राग नव्हे, फक्त स्वर. तरीही पेटी जवळ ठेवून ऐकणाऱ्याला यातून ओळखीचे दरवाजे सापडत जातात.

त्यानंतर स्लेयरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’. अवघी २९ मिनिटं. जळगावहून भुसावळला एसटीने जाताना साधारण तेवढ्यात संपतो. (स्वतः गाडी चालवताना इअरफोन लावायचे नाहीत, हे सांगायला नकोच.) हा थेट पहिल्या आठवड्यात ऐकवून पुतणे-भाचे काकांना कायमचं पळवून लावतात. दोन महिने मुरल्यावर तोच वेग अंगावर येत नाही, अंगात येतो.

घशातल्या आवाजाचं काय करायचं

डेथ मेटल या मेटलच्या आणखी जहाल शाखेतला गुरगुरणारा, घोगरा आवाज बहुतेकांना शेवटचा अडसर वाटतो. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी दोन घड्या असतात. गायक त्या थरथरवतो आणि जोर घशावर न देता पोटाच्या श्वासावर देतो. तिबेटी लामांच्या खर्जातल्या मंत्रपठणातही असंच तंत्र आहे. म्हणजे हे आरडणं नाही, शिकून कमावलेलं काम आहे. म्हणूनच घरी त्याची नक्कल करू नका. न शिकता केलेल्या गुरगुरीत खरे स्वरतंतू एकमेकांवर घासतात, आवाज आठवडाभर बसतो आणि पुन्हा पुन्हा केलं तर तंतूंवर गाठी येतात.

ऐकताना त्या आवाजात सूर शोधू नका, ताल शोधा. पखवाजासारखा धरा. शब्दांतली ट, क, ड ही व्यंजनं ड्रमच्या कोणत्या ठोक्यावर पडतात ते पाहा. गाण्याचे शब्द आधी एकदा फोनवर वाचून घ्या, इंग्रजी अडत असेल तर भाषांतर करून घ्या, मग फोन पालथा ठेवा. वाचत वाचत ऐकलं की पुन्हा गळाच पुढे येतो. पहिला आल्बम म्हणून डेथ याच नावाच्या बँडचा १९९५ चा ‘सिंबॉलिक’ सुचवतो. त्याच्यात रिफ स्पष्ट आहेत आणि शब्द विचार करायला लावणारे.

याच सुमारास ब्लास्ट बीट भेटेल: पायाचा ड्रम आणि हाताचा स्नेअर (काडीने वाजवायचा छोटा ड्रम) आलटून पालटून इतक्या वेगाने की सुटे ठोके मोजता येत नाहीत. मोजूही नका. नंदुरबारच्या सातपुड्यात, काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर मोठे ढोल वाजतात. जवळ उभं राहिलं की थोड्या वेळाने सुटे ढोल ऐकू येईनासे होतात आणि आवाजाची एकच भिंत उभी राहते, आणि मग तिच्यावरची बासरी किंवा पावरी लख्ख दिसते. ब्लास्ट बीट तशीच भिंत आहे. कान तिच्यावर सावकाश सरकणाऱ्या गिटारकडे न्या.

भारतातलं काही हवं असेल तर मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा २०१७ चा ‘दशावतार’ आहे, मत्स्य, कूर्म, वराह असा एकेका अवतारावर. सिंगापूरचा रुद्र बँड वेदान्त आणि संस्कृत घेऊन डेथ मेटल वाजवतो. दिल्लीच्या ब्लडीवुडमध्ये ढोल आहे, बासरी आहे, हिंदी-पंजाबी शब्द आहेत. त्यांचा ‘रक्षक’ २०२२ चा. ज्याला जुन्या इंग्रजी आल्बमांचा अगदीच कंटाळा येतो त्याने ब्लडीवुडपासून सुरुवात केली तरी चालेल, पण मग सॅबथला परत यावं.

घरचे आणि मान

कवट्या आणि शिंगांची चित्रं पाहून घरचे बिचकतात. त्यांना ती दोन बोटांची खूण समजावून सांगा: तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटं मिटलेली, अंगठा त्यांच्यावर. रॉनी जेम्स डिओने ती रंगमंचावर रूढ केली, आणि त्याच्या सांगण्यानुसार ती त्याच्या इटालियन आजीची. वाईट नजर परतवायला ती अशी बोटं करायची. आपल्याकडे मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतात, तोच भाव. अंगठा बाहेर काढू नका, अमेरिकेच्या खुणांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असा होतो.

मान हलवण्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. पन्नाशीत मणक्यांची झीज सुरू झालेली असते, कित्येकांना आधीच पट्टा लागलेला असतो. २००८ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात यावर गणिती अंदाज छापून आला. मिनिटाला १४६ ठोक्यांच्या गाण्यावर मान ७५ अंशांपेक्षा जास्त फिरवली तर डोक्याला सौम्य इजा संभवते. त्यांचेच उपाय कामाचे आहेत: मान कमी हलवा, संथ गाण्यावर हलवा, आणि प्रत्येक ठोक्याऐवजी एकाआड एक ठोका घ्या. आम्ही आणखी एक जोडतो, मान सरळ ठेवून कमरेतून आणि गुडघ्यांतून डोला. चक्कर येत असेल, हाताला मुंग्या येत असतील तर नुसता पाय आपटा.

पहिली मैफल

खान्देशात मेटलचे कार्यक्रम क्वचितच होतात. मुंबई, पुणे किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. बेंगळुरू या संगीताचं जुनं ठिकाण आहे. आयर्न मेडन २००७ ला आणि मेटॅलिका २०११ ला तिथेच वाजवून गेले, आणि बेंगळुरू ओपन एअर हा मेटलचा महोत्सवही तिथलाच. भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट जाते. जळगावहून मुंबई साधारण ४२० किलोमीटर, रात्रीच्या गाडीने सहज. कार्यक्रम बरेच आधी जाहीर होतात, पण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेवढी तारीख पाळा. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. कार्यक्रम लांबतात आणि मैदानातून बाहेर पडायलाच तास जातो.

सोबत फोमचे कानबोळे घ्या. बोळा बोटांत बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर काही उपयोग नाही. अशा कार्यक्रमात आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणजे मघाचा १५ मिनिटांचा हिशोब. बोळ्यांनी गाणं बिघडत नाही, उलट स्पीकरचा कर्कशपणा गाळला जाऊन रिफ स्पष्ट होतो.

उभं राहायची उत्तम जागा म्हणजे साउंड कन्सोलच्या लगत. मैदानाच्या मध्यावर, मिक्सिंग करणारे बसतात ती चौकट. आवाज त्यांच्या कानाला बरोबर लागेल असा जुळवलेला असतो, आणि टेकायला कठडाही मिळतो. रंगमंचासमोर मोकळं रिंगण तयार होऊन त्यात पोरं एकमेकांना धक्के देतात, त्याला मॉश पिट म्हणतात. त्यापासून पंचवीस-तीस पावलं लांब राहा. त्या रिंगणाचा एक पक्का रिवाज आहे, पडलेल्याला आजूबाजूचे लगेच उचलतात. तरी गुडघे आणि चष्मा आपले आहेत. पाय पूर्ण झाकणारे, रोजच्या वापरातले बूट घाला, नवे नकोत. मधुमेह असेल तर गोळ्या आणि खायचं काय आत नेता येतं ते तिकिटावरच्या नियमांत आधी पाहून ठेवा. पाच-सहा तास उभं राहण्याची सवय नसेल तर आधी महिनाभर रोज संध्याकाळी तासभर चाला.

परतल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर एक-दोन दिवस इअरफोन पूर्ण बंद. वरात, डीजे, मिक्सर यांपासूनही लांब. दोन दिवसांनीही शिट्टी थांबली नाही, किंवा एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. एकाएकी ऐकू येईनासं झालं तर उपचार जितके लवकर सुरू होतील तितका कान परत यायची शक्यता जास्त असते.